सार्वजनिक स्थळी स्तनपान : मातेस असलेले कायद्याचे संरक्षण आणि आपले कर्तव्य

प्रास्ताविक

वयाचा विचार करताना सुश्रुताचार्यांनी बालकाचे क्षीराद, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन प्रकार सांगितले आहेत. एक वर्षापर्यंतचे बालक क्षीराद, दोन वर्षांपर्यंतचे क्षीरान्नाद आणि त्यापुढील अन्नाद. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे आणि त्यानंतर पूरक आहाराबरोबर दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे. तपशिलात फरक असला तरी दोन वर्षांपर्यंत बालकाच्या आहारात दुधाचे स्थान कायम राहते, याविषयी प्राचीन व अर्वाचीन शास्त्रांत मतभेद नाही.

तथापि ही दोन वर्षे माता घरात बसून काढीत नाही. ती बाळास लसीकरणासाठी नेते, माहेरी जाते, बाजारहाट करते, कचेरीत वा शेतावर कामाला जाते. नवजात बालकास चोवीस तासांत साधारणपणे ८ ते १२ वेळा पाजावे लागते. अशा बालकास घेऊन माता आठ तास घराबाहेर राहिली तर तीन-चार वेळा स्तनपानाचा प्रसंग येणारच. तो बसस्थानकात येईल, दुकानात येईल, आपल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातही येईल. स्तन्यक्षयावरील द्रव्यांची व कल्पांची चर्चा आपण आवडीने करतो. पण मातेने पाजावे कोठे, हा प्रश्न सहसा आपल्या चर्चेत येत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा कायद्याच्या अंगाने विचार करीत आहोत. मातेस कायद्याचे कोणते संरक्षण आहे, ते कोठे अपुरे पडते आणि वैद्य व फार्मसी चालक या नात्याने कायदा आपल्याकडून काय अपेक्षितो, असे तीन भाग येथे केले आहेत. लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणात विधिज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा.

स्तन्यप्रवृत्ती आणि मातेचे मन

कायद्याकडे वळण्यापूर्वी या विषयाचा चिकित्सेशी असलेला संबंध ध्यानात घेऊ. स्तन्य हा रसधातूचा उपधातू होय, हे आपण सर्व जाणतो. पण स्तन्याची उत्पत्ती आणि त्याची प्रवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुश्रुत निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तन्यप्रवृत्तीची कारणे सांगताना बालकाचा स्पर्श, त्याचे दर्शन, स्मरण व त्यास जवळ घेणे यांचा निर्देश आहे आणि निरंतर स्नेह हा प्रमुख हेतू मानला आहे. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात क्रोध, शोक, अवात्सल्य इत्यादींमुळे स्तन्यनाश होतो असे सांगून चिकित्सेत प्रथम सौमनस्य उत्पन्न करावे, त्यानंतर यव, गोधूम, शाली, षष्टिक आदींची योजना करावी, असा क्रम दिला आहे. मनाची प्रसन्नता आधी आणि आहारद्रव्ये नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

अर्वाचीन शरीरक्रियाशास्त्रही हेच वेगळ्या परिभाषेत सांगते. बालक चोखू लागले की मातेच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते व त्यामुळे दूध बाहेर येते. भय, लज्जा व ताण यांनी या क्रियेस अडथळा होतो. शिवाय पाजण्याची वेळ वारंवार टळली तर स्तनांत दूध साचते, स्तब्धता व वेदना उत्पन्न होतात, क्वचित शोथ व विद्रधीपर्यंत मजल जाते. आणि रिते न होणाऱ्या स्तनांत दुधाची निर्मितीही हळूहळू मंदावते.

आता अशी एक रुग्णा डोळ्यांसमोर आणावी. प्रसूतीस तीन-चार महिने झालेले आहेत, आहार बरा आहे, अग्नी ठीक आहे आणि तक्रार मात्र दूध कमी झाल्याची आहे. शतावरी कल्प चालू करूनही उतार नाही. बारकाईने विचारपूस करता कळते की रोज कामानिमित्त ती सहा-सात तास बाहेर असते; सोबत बाळ असते, पण चार माणसांत पाजायला संकोच वाटतो आणि एकदा कोणी तरी टोकल्यापासून तिने ते सोडूनच दिले आहे. येथे हेतू बाहेर आहे आणि औषध पोटात चालले आहे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानले, तर या रुग्णेच्या निदानात तिच्या भोवतीच्या समाजाचाही समावेश करावा लागेल.

भारतीय कायद्याची स्थिती

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सार्वजनिक स्थळी स्तनपान करण्यास भारतात कोणत्याही कायद्याने बंदी नाही. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याविषयी भारतीय दंड संहितेत कलम २९४ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २९६ म्हणून आले आहे. बालकास पाजणे हे अश्लील कृत्य आहे, असे यांत कोठेही म्हटलेले नाही.

या दृष्टीने केरळ उच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय उल्लेखनीय आहे. एका मल्याळम् पाक्षिकाने मुखपृष्ठावर बाळास पाजणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र छापले होते. मातांना टक लावून न पाहता मोकळेपणाने पाजू द्यावे, असे आवाहन त्यासोबत होते. हे चित्र अश्लील असून कायद्याचा भंग करणारे आहे, अशी तक्रार न्यायालयापुढे आली. न्यायालयाने ती फेटाळली. छायाचित्रात आपल्याला अश्लील काही दिसत नाही, असे सांगताना न्यायमूर्तींनी अजिंठ्याच्या चित्रांचा व राजा रविवर्म्याच्या कलेचाही दाखला दिला. ज्या भूमीत लेण्यांच्या भिंतींवर मानवी देह निःसंकोच रंगविला गेला, तेथे पाजणारी माता लज्जास्पद ठरावी, यात विसंगती आहेच.

यापुढचे पाऊल कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाकले. रुग्णालयातून चोरीस गेलेले एक मूल दुसऱ्या कुटुंबात वाढले होते आणि जन्मदात्या मातेने त्याचा ताबा मागितला होता. त्या प्रकरणात निर्णय देताना न्यायालयाने म्हटले की, बालकास स्तनपान देणे हा मातेचा अविभाज्य हक्क असून तो संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे. आणि स्तनपान मिळणे हा बालकाचाही हक्क आहे. प्रश्न सार्वजनिक स्थळाचा नव्हता. परंतु स्तनपानाचा विचार सोयीच्या पातळीवरून हक्काच्या पातळीवर गेला, हे त्याचे महत्त्व.

सर्वोच्च न्यायालयापुढे प्रत्यक्ष सार्वजनिक स्थळांचा प्रश्न एका संस्थेच्या जनहित याचिकेद्वारे आला. १९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने त्यावर निर्णय दिला. त्यातील मुख्य मुद्दे असे :

१) केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून सार्वजनिक इमारतींत स्तनपान कक्ष व पाळणाघर यांसाठी जागा ठेवण्याविषयी सुचविले होते. या पत्राचे राज्यांना पुन्हा स्मरण द्यावे, असे न्यायालयाने केंद्रास सांगितले.

२) अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींत शक्य तितक्या प्रमाणात आणि नियोजित वा बांधकाम चालू असलेल्या इमारतींत पुरेशी जागा राखून ही सोय व्हावी.

३) सार्वजनिक ठिकाणी वा कामाच्या जागी होणाऱ्या स्तनपानास कलंक मानू नये. स्त्रियांच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे अनुच्छेद ५१-क (ङ) नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, याचीही न्यायालयाने आठवण करून दिली.

यातील तिसरा मुद्दा सामान्य नागरिकास उद्देशून आहे. पहिल्या दोहोंचा भार शासनावर आहे. तिसऱ्याचा आपणा सर्वांवर आहे.

संरक्षणातील उणिवा

एवढे असूनही संरक्षण परिपूर्ण नाही, हे मान्य केले पाहिजे. पाजणाऱ्या मातेस सार्वजनिक जागेतून उठविणे वा मना करणे हा स्वतंत्र अपराध ठरविणारा केंद्रीय कायदा भारतात नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्यातील एका मॉलमध्ये मातेस बाळाला स्वच्छतागृहात नेऊन पाजण्यास सांगण्यात आले होते. त्यावर देशभर टीका झाली. पण अशा प्रसंगी तक्रार नेमकी कोणत्या कलमाखाली करावी, याचे सरळ उत्तर मातेस मिळत नाही. स्वच्छतागृहात बसून आपण स्वतः जेवणार नाही. बाळाने मात्र तेथे जेवावे, ही अपेक्षा आरोग्याच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

मातेकडे पाहून कोणी अश्लील शेरे मारले किंवा हावभाव केले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ (पूर्वीचे दंड संहितेचे कलम ५०९) उपयोगी पडते. स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द, आविर्भाव वा कृती यांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची व दंडाची तरतूद आहे. चोरून छायाचित्र घेण्याविषयी कलम ७७ आहे. मात्र ते, जेथे एकांताची अपेक्षा रास्त मानली जाते अशा ठिकाणच्या खाजगी कृत्याशी निगडित आहे. स्तनपान कक्षातील चित्रणास ते लागू पडेल. उघड्या फलाटावरील प्रसंगास ते कितपत लागू पडेल, यावर वाद होऊ शकतो.

नोकरदार मातेची स्थिती काहीशी बरी आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात स्तनपानासाठी दोन विरामांचा हक्क दिला. २०१७ च्या सुधारणेने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा मातेस दिली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली व या तरतुदी आता तिच्यात समाविष्ट आहेत. दहा वा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापनाही मातृत्व लाभाच्या कक्षेत येतात. आपल्यापैकी ज्यांच्या फार्मसीत वा रुग्णालयात एवढे कर्मचारी आहेत, त्यांनी आपल्या परिचारिका, औषध बांधणाऱ्या व हिशेब ठेवणाऱ्या भगिनींच्या संदर्भात हे विराम देणे आपले कायदेशीर बंधन आहे, हे ध्यानी घ्यावे.

परंतु मंडईत भाजी विकणारी, ऊसतोडीस गेलेली, रस्त्याच्या कामावर खडी वाहणारी माता या कक्षेबाहेर राहते. तिच्या कामाची जागा हीच सार्वजनिक जागा. उघड्यावर पाजणे हा तिच्यापुढील एकमेव मार्ग आहे. संकोच व टोमणे यांचा सर्वाधिक भार अशा मातेवर पडतो आणि विराम वा पाळणाघर यांचा लाभ तिला सर्वांत कमी मिळतो.

अन्य देशांतील तरतुदी

आपल्याकडील उणीव कशी भरून काढता येईल, हे समजण्यासाठी अन्य देशांतील काही कायदे पाहू. स्कॉटलंडने २००५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. दोन वर्षांखालील बालकास सार्वजनिक स्थळी दूध पाजण्यास हेतुपुरस्सर अटकाव करणे हा तेथे दंडनीय अपराध असून त्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. इंग्लंड व वेल्समध्ये समता कायदा, २०१० अन्वये स्तनपानामुळे स्त्रीस प्रतिकूल वागणूक देणे हा भेदभाव ठरतो. आणि २०२२ च्या कायद्याने पाजणाऱ्या मातेचे तिच्या संमतीवाचून विकृत हेतूने चित्रण करणे हा अपराध ठरविला आहे. तैवानमध्ये नोव्हेंबर २०१० च्या कायद्याने मातेस हटकणाऱ्यास ६,००० ते ३०,००० तैवानी डॉलर दंड सांगितला आहे. फिलिपिन्सच्या २००९ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी व सार्वजनिक जागी स्तनपान कक्ष बंधनकारक केले आणि आठ तासांच्या पाळीत किमान चाळीस मिनिटांचा विराम दिला. अमेरिकेत सर्व पन्नास राज्यांत मातेस सार्वजनिक व खाजगी जागी पाजण्याची मुभा देणारे कायदे आहेत.

या तरतुदींकडे पाहता संरक्षणाचे तीन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात माता दोषी नाही एवढेच सांगितले जाते. दुसऱ्यात तिला अटकाव करणारा दोषी ठरतो. तिसऱ्यात तिच्यासाठी जागा व वेळ उपलब्ध केला जातो. भारतात पहिला प्रकार न्यायालयांच्या निर्णयांनी दृढ झाला आहे, तिसऱ्याचा आरंभ झाला आहे. दुसरा मात्र अद्याप आलेला नाही.

तिसऱ्या प्रकारात महाराष्ट्राने एक अर्थपूर्ण नाव दिले आहे. बसस्थानके व शासकीय कार्यालयांतील स्तनपान कक्षांस येथे हिरकणी कक्ष म्हणतात. रायगडावर दूध विकण्यास गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्याने अडकली आणि तान्ह्या बाळासाठी रात्री अवघड कडा उतरून घरी गेली, ही कथा मराठी माणसास बाळपणापासून ठाऊक आहे. आपण त्या कथेतील धाडसाचे कौतुक करतो. तिला कडा उतरावा लागला तो दरवाजा बंद असल्यामुळे, हेही तेवढेच खरे आहे. तेव्हा कक्ष नुसता बांधून भागत नाही. तो उघडा, स्वच्छ, उजेडाचा व हवेशीर असला पाहिजे, किल्ली शोधण्यासाठी मातेस चार जणांना विचारावे लागू नये. आणि कक्ष आहे म्हणून मातेने तेथेच जावे, अन्यत्र पाजू नये, असा आग्रहही धरता येणार नाही. कक्ष ही सोय आहे. तिच्या वावरावरील मर्यादा नव्हे.

प्रवासातील बाटली आणि १९९२ चा अधिनियम

आता या विषयाचा आपल्या व्यवसायाशी असलेला सर्वांत निकटचा संबंध पाहू. घरी बाळास उत्तम प्रकारे पाजणारी माताही पुष्कळदा बाहेर जाताना बाटली सोबत घेते. चार लोकांत पाजण्याचा प्रसंग टळावा, एवढाच तिचा हेतू असतो. पहिली बाटली प्रवासापुरती असते. बाळास बाटलीची सवय लागते, स्तन चोखणे कमी होते, स्तन्य कमी होते आणि मग बाटली घरातही येते. ही बाटली व तिच्यातील दुधाची भुकटी पुष्कळदा औषधाच्याच दुकानातून घेतलेली असते. म्हणून बाहेरील संकोच आणि दुकानातील विक्री ही एकाच साखळीची दोन टोके आहेत.

या साखळीस आवर घालण्यासाठी भारतात अर्भक दुग्ध पर्यायी पदार्थ, दूध पाजण्याच्या बाटल्या व अर्भक आहार (उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन) अधिनियम, १९९२ झाला. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यातील आरोग्यसेवा यंत्रणेच्या व्याख्येत खाजगी व्यवसाय करणारा आरोग्य कार्यकर्ता, फार्मसी, औषधांचे दुकान आणि आरोग्य कार्यकर्त्यांची कोणतीही संघटना यांचा समावेश आहे. म्हणजे माता व बालकांची चिकित्सा करणारे आपण, आपली दुकाने आणि आपली ही संघटना अशी तिन्ही या कायद्याच्या कक्षेत येतात. हा कायदा केवळ मोठ्या कंपन्यांसाठी आहे, अशी समजूत कोणी बाळगू नये.

अधिनियमातील ज्या तरतुदी आपणास माहीत असल्याच पाहिजेत त्या अशा :

१) दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी मातृदुग्धाऐवजी वापरावयाचे पदार्थ, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि सहा महिने ते दोन वर्षे या वयासाठीचा अर्भक आहार यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. जाहिरातीच्या व्याख्येत फलक, पत्रक, वेष्टन, ध्वनी व दृक्-श्राव्य माध्यमे असे सर्व प्रकार येतात.

२) विक्री वाढविण्यासाठी नमुने वाटणे, वाटी-चमचा यांसारखी भेट देणे, अन्य प्रलोभन दाखविणे अथवा गर्भिणीशी वा अर्भकाच्या मातेशी संपर्क साधणे यांस मनाई आहे.

३) दवाखाना व औषधाचे दुकान यांचा उपयोग या वस्तूंचे फलक लावण्यासाठी वा प्रचारसाहित्य वाटण्यासाठी करता येत नाही.

४) उत्पादक, पुरवठादार वा वितरक यांनी आरोग्य कार्यकर्त्यास वा त्यांच्या संघटनेस कोणताही आर्थिक लाभ देता कामा नये. चर्चासत्र, परिषद, स्पर्धा, संशोधन, शिष्यवृत्ती यांचे प्रायोजकत्वही यात येते.

५) डब्यावर व वेष्टनावर मातेचे दूध सर्वोत्तम असल्याची ठळक सूचना असणे आवश्यक आहे. त्यावर बालकाचे वा स्त्रीचे चित्र छापता येत नाही.

जाहिरात, प्रलोभन व प्रायोजकत्व यांविषयीच्या तरतुदींचा भंग झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

येथे आपल्या फार्मसी चालकांस विशेष सूचना करावीशी वाटते. नाचणीसत्त्व, खिमटीचे पीठ, भरडी यांसारखी उत्पादने अनेक लहान फार्मसी स्वतः तयार करतात. ती घरातील सर्वांसाठी म्हणून विकली तर प्रश्न वेगळा. परंतु सहा महिन्यांवरील बाळासाठी पूरक आहार म्हणून ती बाजारात आणली तर, नाव काहीही असले तरी, अर्भक आहाराच्या व्याख्येत त्यांचा समावेश होऊ शकतो. मग वेष्टनावरील हसऱ्या बाळाचे चित्र व दुकानाबाहेरील फलक कायद्याच्या विरुद्ध ठरतात. बाळगुटीसारख्या औषधी कल्पांच्या बाबतीतही मातेचे दूध कमी पडत असल्यास हे द्यावे, अशा आशयाचा मजकूर छापणे सर्वथा टाळावे. कारण तसे म्हणताच औषध हे दुधाचा पर्याय म्हणून मांडले जाते. आपली वेष्टने एकदा या दृष्टीने तपासून घ्यावीत.

ज्या बालकास खरोखरच मातेचे दूध मिळणे शक्य नाही, त्याच्यासाठी पर्यायी दूध देण्यास हा कायदा आड येत नाही. मात्र ती गरज आहे की नाही हे आरोग्य कार्यकर्त्याने ठरवावे, वापरण्याची पद्धत त्यानेच दाखवावी आणि अयोग्य वापराचे धोकेही स्पष्ट सांगावेत, अशी अपेक्षा आहे. विक्री खिडकीवर बसलेल्या मुलाने दोन डब्यांतील चांगला डबा सुचविणे या अपेक्षेत बसत नाही.

आपल्या दवाखान्यात व फार्मसीत काय करता येईल

देशात सहा महिन्यांखालील बालकांपैकी केवळ स्तनपानावर असणाऱ्यांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) ५४.९ टक्के होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ६३.७ टक्के झाले. प्रगती निश्चित आहे. पण अजूनही तीनांतील एक बालक त्यापासून वंचित आहे. ते बालक आपल्याकडेच येते. त्यासाठी पुढील गोष्टी अल्प खर्चात करता येतील.

१) प्रतीक्षागृहात भिंतीकडील एक पाठीची खुर्ची व पाय टेकण्यास पाट एवढी सोय मातांसाठी राखून ठेवावी. पडदा असल्यास तो मातेने हवा तर ओढावा. आपण होऊन ओढू नये.

२) येथे बाळास पाजण्यास कोणतीही हरकत नाही, अशी मराठीतील लहान पाटी दर्शनी भागी लावावी. संकोच करणाऱ्या मातेस त्या एका वाक्याने धीर येतो आणि टोकणाऱ्यास परस्पर उत्तर मिळते.

३) दवाखान्यातील व दुकानातील सहकाऱ्यांना स्पष्ट सूचना द्यावी की, पाजणाऱ्या मातेस उठवू नये, आत वा बाहेर जाण्यास सांगू नये. कोणी तक्रार केली तर तक्रारदारास दुसरी जागा द्यावी.

४) भुकटीच्या दुधाचे डबे व बाटल्या दर्शनी काचेत मांडू नयेत. कंपनीने दिलेली दिनदर्शिका, घड्याळे, वजनतक्ते भिंतीवरून काढावेत.

५) संघटनेच्या अधिवेशनासाठी वा त्रैमासिकासाठी अशा उत्पादकांकडून निधी वा जाहिरात स्वीकारू नये. आर्थिक चणचण असली तरी या बाबतीत कायद्याने सवलत ठेवलेली नाही.

६) स्तन्यक्षयाच्या रुग्णेची प्रश्नपरीक्षा करताना आहार, निद्रा व कोष्ठ यांबरोबर पुढील प्रश्न विचारावेत : दिवसातून किती वेळ घराबाहेर असता? त्या वेळात किती वेळा पाजता? कोठे पाजता? कोणी टोकले आहे काय? बाटली प्रथम केव्हा व कशासाठी दिली? उत्तरे रुग्णपत्रकात नोंदवावीत.

७) रुग्णेस व तिच्या सोबतच्या सासूबाई वा पती यांस सांगावे की, बाहेर पाजणे हा गुन्हा नाही, न्यायालयाने त्यास हक्क म्हटले आहे. पदर, ओढणी वा पुढून उघडणारा पोशाख यांची व्यावहारिक सूचना द्यावी. पण झाकून घेणे ही कायद्याची अट नाही, हेही सांगावे. घरातील वडीलधाऱ्यांसमोर वैद्याने उच्चारलेला शब्द पुष्कळ काम करतो.

८) नोकरदार मातेस तिच्या विरामाच्या हक्काची माहिती द्यावी. आवश्यक तेथे बालकाच्या वयाचा व स्तनपानाच्या गरजेचा उल्लेख असलेले पत्र लिहून द्यावे.

१ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या काळात प्रत्येक तालुका शाखेने आपल्या गावच्या बसस्थानकातील व पंचायत समितीच्या कार्यालयातील स्तनपान कक्ष प्रत्यक्ष पाहावा. तो नसल्यास वा बंद असल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या १९ फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयाचा संदर्भ देऊन संबंधित अधिकाऱ्यांस लेखी निवेदन द्यावे. व्याख्याने होतातच; त्यांच्या जोडीला एक कुलूप उघडले तर सप्ताहाचे सार्थक होईल.

समारोप

सुश्रुताचार्यांनी स्तन्यनाशाच्या चिकित्सेत सौमनस्यास प्रथम स्थान दिले. ते सौमनस्य उत्पन्न करण्याचे साधन केवळ मातेच्या घरात नाही. रस्ता, बसस्थानक, दुकान व दवाखाना येथेही आहे. अटकाव करणाऱ्यास शासन करणारा स्वतंत्र कायदा देशात व्हावा, अशी मागणी आपल्या संघटनेने अवश्य करावी. तो होईपर्यंत मातेचे संरक्षण पुष्कळ अंशी तिच्या भोवतालच्या माणसांच्या वर्तनावर अवलंबून राहणार आहे. १९९२ चा कायदा मात्र आजच अस्तित्वात आहे व त्याने आपले नाव घेऊन आपणावर जबाबदारी टाकली आहे. ती पार पाडण्यास परवाना, निधी वा अनुमती यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नाही. पुढील बाह्यरुग्ण सत्रापूर्वी प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने प्रतीक्षागृहातील एक खुर्ची नीट जागी ठेवावी आणि प्रत्येक फार्मसी चालकाने आपली दर्शनी काच एकदा न्याहाळावी, एवढीच आमची विनंती आहे.